चिखलापासून लांब राहिलेला उंचवटा: मुंबई हायचं प्रकरण

मुंबईपासून पश्चिम-वायव्येला साधारण १६० किलोमीटर गेलं, तरी समुद्राची खोली जेमतेम ७५ मीटर असते. तळ सपाट, वर प्लॅटफॉर्मचे लोखंडी सांगाडे आणि जळत्या वायूच्या ज्योती. 'हाय' म्हणावं असं डोळ्यांना तिथे काही दिसत नाही. हा उंचवटा समुद्रतळाच्याही खाली आहे. त्याच्या माथ्यावरचा तेलाचा मुख्य थर सव्वा ते दीड किलोमीटर गाळाखाली गाडला गेलाय. लांबी साधारण ७० किलोमीटर, रुंदी पंचवीसेक. भारतातलं सगळ्यात मोठं तेलक्षेत्र म्हणतात ते हेच.

तेल तिथे 'सापडलं' कसं, ही गोष्ट आपल्याकडे बऱ्याचदा सांगून झाली आहे: 'सागर सम्राट' हा खोदमंच, १९७४, तेलाच्या किमतींचा जागतिक भडका वगैरे. तेल तिथेच 'साठलं' का, हे मात्र क्वचित सांगितलं जातं. हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. पश्चिम किनाऱ्याचा समुद्र कच्छपासून केरळपर्यंत एकाच मोठ्या घडामोडीतून जन्मला. वेंगुर्ल्याच्या दक्षिणेलाही गाळ आहे, चुनखडक आहे, भ्रंश (खडक तुटून सरकल्याच्या भेगा) आहेत. तिथे विहिरी खणल्या गेल्या, पण धंद्याला पुरेल असं तेल हाती लागलं नाही. मग मुंबईसमोरच्या एका टेंगळातच एवढं तेल का?

माझं उत्तर एका शब्दात मावतं: चिखल. तो कधी आला, कधी आला नाही आणि कुठे अडला, यावर सगळा खेळ झाला. तो उलगडायला थोडं मागून यावं लागेल.

फाटलेला किनारा

सुमारे ८८ दशलक्ष वर्षांपूर्वी भारत मादागास्करपासून सुटला. तेव्हा सेशेल्स आपल्याच अंगाला चिकटलेलं होतं. ६६ दशलक्ष वर्षांच्या आसपास दख्खनचा लाव्हा उसळला आणि त्यानंतर थोड्याच काळात, भूविज्ञानाच्या हिशेबात लगोलग, सेशेल्सही तुटून नैऋत्येला निघालं. आज हिंदी महासागराच्या मध्यावर असलेल्या त्या बेटांवर दख्खनच्याच काळातले अग्निज खडक सापडतात. घर वाटलं गेलं की दोन्ही बिऱ्हाडांत एकाच भट्टीतली भांडी निघतात, तसंच हे.

या फाटण्याची खूण बघायला समुद्रात जायची गरज नाही. घाटमाथ्यावर बेसॉल्टचे थर जवळजवळ आडवे असतात. सह्याद्रीचे कडे लांबून पाहिले तर वहीच्या पानांसारखे सपाट पट्टे दिसतात. तेच थर कोकणात उतरल्यावर पश्चिमेकडे कलू लागतात. पनवेलच्या पट्ट्यात हा वाक इतका स्पष्ट आहे की भूवैज्ञानिक त्याला 'पनवेल फ्लेक्शर' असंच म्हणतात. मुंबई बेटावरचे खडकही पश्चिमेला झुकलेले आहेत. वरळीला लाव्ह्याच्या थरांमध्ये अडकलेल्या गाळात इवल्याशा बेडकांचे जीवाश्म सापडले, त्यांची नोंद एकोणिसाव्या शतकातली. म्हणजे लाव्हा थंडावत असताना इथे उथळ डबकी होती. आणि ती डबकी असलेली जमीन हळूहळू पश्चिमेकडे खचत चालली होती.

ही जमीन एकसंध खचली नाही. पश्चिम भारताच्या कवचात तीन जुन्या भेगा आधीपासून होत्या. धारवाडची दिशा उत्तर-वायव्य ते दक्षिण-आग्नेय, म्हणजे ढोबळमानाने किनाऱ्याला समांतर. नर्मदा-सोनची दिशा पूर्व-ईशान्य ते पश्चिम-नैऋत्य. तिसरी अरवलीची, ईशान्य-नैऋत्य. ताण पडला तेव्हा कवच याच जुन्या शिवणींवर उसवलं. मुंबईच्या उत्तरेला, सुरत-दमणसमोर, धारवाड आणि नर्मदेच्या शिवणी एकमेकींना छेदतात आणि तिथेच जमीन सगळ्यात खोल खचली. सुरतची खोलगट ती हीच. दक्षिणेला मुरूड आणि राजापूरच्या खोलगटी तयार झाल्या. त्यांच्या मधेमधे काही ठोकळे मागे राहिले, कमी खचले. त्यातला एक म्हणजे मुंबई हाय: पूर्वेच्या बाजूला भ्रंशाने तुटलेला, पश्चिमेला हलक्या उताराचा, लांबी धारवाडच्या दिशेने. त्याचा पाया दख्खनचा बेसॉल्ट आणि काही ठिकाणी त्याहून कितीतरी जुना ग्रॅनाइट.

वाचकांनी इथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. मुंबई हाय 'वर उचलला गेला' असं बऱ्याचदा लिहिलं जातं. मला 'मागे राहिला' हे जास्त बरोबर वाटतं. शेजारी खाली गेले, हा तितका गेला नाही. पुढचं सगळं या मागे राहण्यातून घडलं.

दलदल आणि ऊब

पॅलिओसीन ते इओसीनचा आरंभ, म्हणजे साधारण ६५ ते ५० दशलक्ष वर्षांपूर्वीचा काळ. खोलगटींत पाणी साचलं होतं. कुठे गोडं, कुठे खारं. भोवतालच्या बेसॉल्टची झीज होऊन तिचा राडारोडा खाली घरंगळत होता. तेलवाले त्याला आजही 'ट्रॅप वॉश' म्हणतात. त्यावर वाळू, शेल (चिखल दाबून बनलेला पापुद्री खडक) आणि मधूनच कोळशाचे पातळ थर. या सगळ्या थरांच्या गठ्ठ्याचं नाव पन्ना फॉर्मेशन.

कोळसा आहे म्हणजे झाडं होती. भारत तेव्हा विषुववृत्ताच्या आसपास होता, हवा दमट, किनारे दलदलीचे. पानं, खोडं, राळ हे सगळं ऑक्सिजन नसलेल्या चिखलात पुरलं गेलं. या शेलमध्ये सेंद्रिय द्रव्याचा वाटा चांगला आहे आणि त्यातलं बरंचसं जमिनीवरच्या वनस्पतींचं. मुंबई हायचं तेल हलकं, गंधक कमी, पण मेणचट. तिशीच्या आसपासच्या तापमानालाच ते थिजू लागतं. हा मेणचटपणा पानांच्या मेणाचा वारसा आहे. तेल कुठल्या चिखलातून आलं हे ते स्वतःच सांगतं, फक्त विचारता यायला हवं.

नुसता सेंद्रिय चिखल असून भागत नाही. तो शिजावा लागतो. बहुतेक खोऱ्यांत त्यासाठी तो तीन-चार किलोमीटर खोल जावा लागतो. इथे कवच ताणून पातळ झालेलं, त्यात नुकताच लाव्हा वाहून गेलेला, त्यामुळे खालची ऊब जास्त. मुंबई हायच्या मुख्य थरात, सव्वा-दीड किलोमीटरवर, तापमान शंभर अंश सेल्सिअसच्या वर आहे. इतर अनेक खोऱ्यांत तेवढ्या खोलीवर साठ-सत्तर अंशच मिळतील. वज्रेश्वरी, उन्हवरे, तुरळ, राजापूर ही गरम पाण्याच्या कुंडांची रांग किनाऱ्याला समांतर का आहे, असा प्रश्न कोकणात फिरताना पडला असेल, तर त्याचं नातं किनाऱ्याला समांतर गेलेल्या खोल भेगांशी लावलं जातं. समुद्राखालची भट्टी याच घराण्यातली.

नावांबद्दल थोडं

पुढे जाण्याआधी एक गंमत. या खोऱ्यातल्या थरांची नावं वाचताना एखाद्या मुंबईकराला लोकलचा आणि एसटीचा फलक वाचल्यासारखं वाटेल. बेलापूर, वसई, अलिबाग, रत्नागिरी, देवगड, माहीम, वांद्रे, चिंचणी ही सगळी थरांची अधिकृत नावं आहेत. वसईचं आणि वांद्र्याचं रूप तेवढं इंग्रजी, बसीन आणि बँड्रा. दुसऱ्या बाजूला तेलक्षेत्रांना रत्नांची नावं: पन्ना, मुक्ता, हीरा, नीलम. त्यातली काही रत्नं पुन्हा थरांनाही चिकटली. माहीमचा थर माहीमच्या खाली नाही आणि चिंचणीचा थर चिंचणीच्या किनाऱ्यावर दिसणार नाही, एवढं समजून घेतलं की झालं.

बेट

इओसीनच्या मध्यावर समुद्र आत शिरला. खोलगटी भरल्या, ठोकळ्यांच्या खांद्यावर उथळ, स्वच्छ, कोमट पाणी आलं आणि चुनखडक साचू लागला. नाण्यासारख्या चपट्या कवचांचे न्युम्युलाइट हे एकपेशीय जीव तेव्हा भरभराटीला आले होते. त्यांचीच कवचं साचून बसीन फॉर्मेशनचा बराच भाग बनला. पुढे दक्षिण बसीनचा मोठा वायुसाठा याच चुनखडकात मिळाला.

मुंबई हायच्या माथ्यावर मात्र पॅलिओसीन-इओसीनचे थर जवळपास नाहीतच. ते कडेपर्यंत येतात आणि पाचरीसारखे निमुळते होत संपतात. याचा सरळ अर्थ असा की हा ठोकळा तेव्हा पाण्याबाहेर होता. भोवताली समुद्र, मध्ये बेसॉल्ट-ग्रॅनाइटचं बेट, ऊन-पावसात झिजणारं. खडकांना भेगा पडत होत्या, पृष्ठभाग कुजत होता. ही झीज वाया गेली नाही, पण ते शेवटी.

इओसीननंतरच्या कालखंडात, ऑलिगोसीनमध्ये, उत्तरेचं चित्र बदललं. आजच्या नर्मदा-तापीच्या पूर्वज नद्या वाळू आणि चिखल घेऊन सुरतच्या खोलगटीत उतरू लागल्या. तिथे त्रिभुजप्रदेश तयार झाले. दमण फॉर्मेशनची वाळू ती हीच आणि तापी क्षेत्रातला वायू याच वाळूत आहे. प्रकरणाचा कळीचा मुद्दा हा आहे. सुरतची खोलगट एवढी खोल आणि सतत खचत राहिलेली होती, की नद्यांनी आणलेला गाळ तिथेच जिरत गेला. गावाबाहेरच्या खड्ड्यात पावसाचा गढूळ लोंढा साठावा आणि पलीकडचं अंगण कोरडं राहावं, तसं. खोऱ्यात काही ठिकाणी गाळाची जाडी ५००० मीटरपर्यंत जाते. मुंबई हायपर्यंत त्यातलं फार थोडं पोचलं.

एल-थ्री

चुनखडक बनवणाऱ्या जीवांना चिखल सोसत नाही. गढूळ पाण्यात उजेड पोचत नाही, शैवाल मरतं, शैवालाच्या आधाराने जगणारे फोरॅमिनिफेरा हे कवचवाले एकपेशीय जीवही टिकत नाहीत. त्यामुळे मायोसीनच्या सुरुवातीला, सुमारे २० दशलक्ष वर्षांच्या आसपास, समुद्र अखेर मुंबई हायच्या माथ्यावर चढला तेव्हा तिथे एक दुर्मीळ योग जुळला: उथळ पाणी, भरपूर ऊन आणि मोठ्या नद्यांच्या गाळापासून अंतर. माथ्यावर चुन्याची विस्तीर्ण पठारी बैठक तयार होऊ लागली. वरून मोजत येताना लागणारा तिसरा चुनखडक म्हणून त्याला एल-थ्री म्हणतात. मुंबई हायचं बहुतांश तेल याच एका थरात आहे.

'एक थर' म्हणताना जपून म्हणायला हवं. एल-थ्री अखंड दगड नाही. ती चळत आहे. समुद्राची पातळी खालीवर होत राहिली. पाणी वाढलं की आधी थोडा चिखल बसायचा, मग खाजणातला चुन्याचा गाळ, मग कवचांचे तुकडे. पाणी ओसरलं की ती बैठक उघडी पडायची. उघड्या चुनखडकावर पावसाचं गोडं पाणी पडायचं आणि चुना विरघळून त्यात छिद्रं, पोकळ्या, बोळ तयार व्हायचे. परत समुद्र चढला की नव्या चिखलाची पातळ फीत आणि वर नवा चुना. हे चक्र पुन्हापुन्हा फिरलं.

ही उघडं पडण्याची सवय माझ्या मते एल-थ्रीचं खरं भाग्य. समुद्रात सलग बुडून राहिलेला चुनखडक अनेकदा घट्ट, निर्जीव होतो. त्यातल्या फटी कॅल्साइटने बुजतात. एल-थ्रीची सच्छिद्रता मुख्यतः पावसाने कमावलेली आहे. उंचवटा जरासा आणखी खोल असता, तर पाणी ओसरलं तरी तो उघडा पडला नसता. जरासा आणखी उंच असता, तर चुना साचलाच नसता.

झाकण

मध्य मायोसीननंतर नशीब फिरलं. एव्हाना भारत आशियाला धडकून बराच काळ लोटला होता, हिमालय उंचावत होता आणि अरबी समुद्रात गाळाचा ओघ प्रचंड वाढला होता. पश्चिमेचा समुद्रतळ आणखी खचला, संपूर्ण बैठक पश्चिमेकडे कलली. सुरतची खोलगट आता सगळा गाळ पोटात घेईना. चिखल ओसंडून दक्षिणेकडे सरकला आणि ज्या चिखलापासून मुंबई हाय इतका काळ वाचला होता, त्यानेच अखेर त्याला गाठलं. चुन्याची बैठक मेली. तिच्यावर शेलचा जाड थर बसत गेला, तो चिंचणी फॉर्मेशन. आजच्या समुद्रतळापर्यंत त्याचंच राज्य आहे.

चुनखडक बनवणाऱ्या जीवांसाठी हा प्रलय होता. तेलासाठी हीच सुरुवात होती. चिंचणीच्या शेलने सगळं खोरं झाकलं. त्याच्या वजनाने खोलगटींतलं पन्ना फॉर्मेशन आणखी खाली दाबलं गेलं आणि त्याला शेवटची आच मिळाली. तेल सुटलं आणि हलकं असल्यामुळे वर चढू लागलं: भ्रंशांच्या फटींतून, तळखडकावरच्या वाळूतून, जुन्या झिजलेल्या पृष्ठभागांवरून, कित्येक किलोमीटर तिरकं. चढता चढता परिसरातला सगळ्यात उंच माथा त्याला सापडला तो मुंबई हायचा. तिथे सच्छिद्र चुना तयार होता आणि वर झाकण बसलेलं होतं.

क्रम बघा. चिखल आधी आला असता, तर एल-थ्री घडला नसता. फार उशिरा आला असता, तर तेल समुद्रात गळून गेलं असतं. एकच पदार्थ, एकाच नद्यांच्या आणि एकाच डोंगरांच्या झिजेतून आलेला. त्याच्या गैरहजेरीत भांडं घडलं आणि हजेरीत झाकण.

शोध, थोडक्यात

खंबातच्या आखातात आणि बाहेरच्या समुद्रात १९६० च्या दशकाच्या मध्यावर 'अकादमिक अर्खांगेल्स्की' या सोव्हिएत जहाजावरून भूकंपलहरींचं सर्वेक्षण झालं आणि हे टेंगूळ पहिल्यांदा कागदावर उमटलं. पुढे अधिक बारीक सर्वेक्षणं झाली. जपानमध्ये बांधलेला, समुद्रतळावर पाय रोवून उभा राहणारा 'सागर सम्राट' हा खोदमंच १९७४ च्या सुरुवातीला माथ्यावर उभा राहिला आणि फेब्रुवारीत पहिल्याच विहिरीत मायोसीनच्या चुनखडकात तेल लागलं. मे १९७६ मध्ये उत्पादन सुरू झालं. १९८० च्या दशकात ते रोज साडेचार लाख पिंपांच्या पलीकडे गेलं.

खडकाची सूडबुद्धी

ज्या चक्रांनी एल-थ्री घडवला, त्यांनीच पुढे अभियंत्यांना छळलं. पातळ शेलच्या फितींमुळे थराचे अनेक मजले झाले आहेत आणि प्रत्येक मजल्याची पारगम्यता, म्हणजे तेल-पाणी वाहू देण्याची क्षमता, वेगळी. माथ्यावर वायूची टोपी, खाली पाणी, मध्ये तेल. विहीर जोरात चालवली तर वायू खाली खेचला जातो. पाणी भरून दाब टिकवायला जावं, तर ते पावसाने कोरलेल्या बोळांतून सुसाट धावतं आणि शेजारच्या घट्ट मजल्यातलं तेल जागच्या जागी राहतं. पाणी भरणं १९८० च्या दशकाच्या मध्यावर सुरू झालं, फायदा झाला, पण हा दोष पूर्णपणे गेला नाही. शिवाय क्षेत्राच्या मधोमध पूर्व-पश्चिम जाणारा एक शेलने भरलेला पट्टा आहे. त्यामुळे उत्तर आणि दक्षिण असे दोन संसार वेगळे चालतात.

२००० नंतर पुनर्विकासाचे टप्पे आले. आडव्या विहिरी खणल्या गेल्या, जुन्या विहिरींतून नवे फाटे काढले गेले. २०२५ च्या सुरुवातीला ओएनजीसीने उत्पादन वाढवण्यासाठी तांत्रिक सेवेचं काम बीपी कंपनीला दिलं. यंत्रं आणि कंपन्या बदलतील, पण प्रत्येकाला वाटाघाटी करायच्या आहेत त्या २० दशलक्ष वर्षांपूर्वीच्या भरती-ओहोटीशीच.

वेंगुर्ल्याच्या खाली

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे. मुंबई खोऱ्याची दक्षिण हद्द वेंगुर्ला आर्च नावाच्या गाडलेल्या उंचवट्यापाशी मानतात. त्याच्या पलीकडे कोकण-केरळ खोरं. फाटणं तेच, वय साधारण तेच, चुनखडकही आहेत. तरी व्यापारी साठा नाही.

याची कारणं अनेक सांगितली जातात. मला सगळ्यात वजनदार वाटतं ते नद्यांचं. सह्याद्रीचा पाणलोट समुद्राच्या इतका जवळ आहे की गोदावरी, कृष्णा, कावेरी सगळ्या पाठ फिरवून पूर्वेला गेल्या. पश्चिमेला उतरतात त्या आखूड, धावत्या नद्या. नर्मदा-तापीसारखा खंडाच्या पोटातून गाळ आणणारा प्रवाह तिथे नाही आणि दोन शिवणी एकमेकींना छेदून पडलेला सुरतसारखा खड्डाही नाही. भांडी आहेत, पण चूल नाही, निदान तितकी मोठी नाही. अर्थात हे माझं वजन-माप; खोल समुद्रात अजून फार कमी विहिरी झाल्या आहेत आणि एक चांगली विहीर असली मतं रातोरात खोडून काढते.

ग्रॅनाइटमधलं तेल

बेटाच्या दिवसांत ऊन-पावसाने तडकलेला पाया शेवटी सांगायचा ठेवला होता. बरीच वर्षं विहिरी तळखडक लागला की थांबत. तळखडक म्हणजे बेसॉल्ट, ग्रॅनाइट. तिथे तेल कशाला असेल? पण मुंबई हायमध्ये आणि हीरा क्षेत्रात काही विहिरी पायाच्या खडकात शिरल्या आणि भेगांमधून तेल वाहिलं. कोट्यवधी वर्षं आधी गोठलेल्या खडकात त्याच्या मानाने कालच्या दलदलीचं तेल.

यात चमत्कार नाही. पन्ना फॉर्मेशनचे थर माथ्यावर नाहीत, पण कडांना, माथ्यापेक्षा कितीतरी खाली, ते याच तडकलेल्या ग्रॅनाइटला टेकलेले आहेत. तेल वरून पायाच्या खडकात उतरलं नाही. बाजूच्या खोलगटीतून निघून भेगांच्या वाटेने ते वर चढत आलं आणि त्यातलं काही चुनखडकापर्यंत पोचण्याआधी वाटेतच मुक्कामाला राहिलं.